टोपी-टॉवेलची माफी आणि उंबऱ्याची भीती

“अ‍ॅगोराफोबिया,” नांदेडच्या डॉक्टर बाई म्हणाल्या आणि मी त्यांच्या टेबलावर मूठ आपटली. पेनांचा डबा खाली सांडला. आजवर मला वेडा म्हणायची कुणाची छाती झाली नव्हती, आणि ही बाई चक्क इंग्रजीतून म्हणते, असं मला वाटलं.

बाई जागच्या हलल्या नाहीत. “मन्मथराव, वेड नाही हे. जिथून पटकन सुटता येणार नाही, मदत मिळणार नाही असं वाटतं, तिथं जायचीच भीती. बाजार, बस, गर्दी, मोकळं मैदानसुद्धा. मग ती वाढत वाढत उंबऱ्यापर्यंत येते. तुमची आलीय.”

खरंच होतं. लातूरहून नांदेडला बहिणीकडं मी गाडीच्या मागच्या सीटवर आडवा पडून, तोंडावर चादर ओढून आलो होतो. त्याआधी कित्येक महिने घराबाहेर पाऊल नव्हतं. आणि उन्हाळ्यानंतर लातूरच्या कोर्टात माझी साक्ष होती. मी गेलो नाही तर मला मारणारे सुटणार होते. मला बरं व्हायचं होतं ते त्यासाठी. ज्यांच्या घरात असं कुणी कोंडून बसलंय, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

माझा धंदा फोटोफ्रेमचा. मोटारसायकलवर निलंगा-चाकूरकडची गावं फिरायची, गेलेल्या माणसांचे जुने, डागाळलेले फोटो घ्यायचे, लातुरात मोठे करून फ्रेम पोचवायची. ज्यानं जन्मात कोट घातला नाही त्याला आम्ही मेल्यावर कॉम्प्युटरवर कोट चढवतो. या धंद्याची एक रीत आहे. दारात लेकरू खेळत असलं, की आधी त्याचा फोटो काढायचा आणि आईला मोबाईलवर दाखवायचा. आई हसली की फ्रेम खपली.

त्या दिवसांत मुलं पळवणारी टोळी आलीय म्हणून मेसेज फिरत होते. मी ते वाचून हसलो होतो. चाकूरच्या पुढच्या एका गावात मी एका पोरीचा फोटो काढला. आई शेतात गेली होती. घरातून चुलती बाहेर आली आणि तिनं बोंब ठोकली.

पहिली थप्पड माझ्या बापाच्या वयाच्या माणसानं मारली. मग पट्टे, लाथा, जळतणाची लाकडं. पोचवायला आणलेल्या फ्रेमा माझ्या डोक्यात घातल्या, काचा मानेत रुतल्या. गाडी पेटवली. “अरे, इचारा तर कोण हाय त्यो,” असं कुणीतरी ओरडत होतं, पण विचारायला कुणी थांबेना. डावा हात मोडला, बरगड्या गेल्या, कानाचा पडदा फाटला. पोलिसांनी ओढून काढलं नसतं, तर माझाच फोटो मोठा करायची वेळ आली असती.

सरकारी दवाखान्यात हाडं जुळली. तोवर मी भित्रा नव्हतो, हे नीट ध्यानात घ्या. गळ्यात हात बांधून मी दुकानात बसत होतो, चौकात चहा पीत होतो, मारणाऱ्यांना शिव्या देत होतो.

आमच्याकडं भांडण कितीही मोठं असो, त्याचा शेवट टोपी-टॉवेलच्या आहेरानं होतो. त्या गावची माणसं घरी आली. “गैरसमज झाला, आप्पा. आमची बी लेकरं हायेत. मिटवून घ्या.” माझा थोरला भाऊ मोठ्या मनाचा. माझ्या बरगड्यांच्या बाबतीत तर फारच मोठ्या मनाचा. “गाव मान द्यायलंय, न्हाई म्हणू नये,” असं म्हणून त्यानं मला जीपमध्ये घालून त्याच गावात, त्याच पारावर नेलं.

हलगी वाजत होती. सगळं गाव गोळा झालं होतं. ज्यानं पहिली थप्पड मारली, तोच म्हातारा माझ्या डोक्याला फेटा गुंडाळू लागला. तेवढ्यात मागून कुणीतरी गळ्यात टॉवेल टाकला.

माझी छाती आवळली. श्वास येईना, तळहात भिजले, समोरचे चेहरे लांब लांब गेले. मी आता मरतो, एवढंच कळलं. मी त्या म्हाताऱ्याच्या तोंडावर डोकं हाणलं. त्याचं नाक फुटलं, रक्त माझ्या सदऱ्यावर उडालं. माणसं पुन्हा अंगावर आली. भावानं मला फरफटत जीपमध्ये कोंबलं आणि लातूर येईपर्यंत एकच वाक्य घोकलं, “चार माणसांत माती केलीस माझी.”

त्यानंतर छातीचं ते दुखणं बाजारात आलं, मग बसस्टँडवर, मग गल्लीच्या तोंडाशी. ईसीजी काढला, म्हणजे हृदयाच्या ठोक्यांचा आलेख. टूडी इको केली, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. थायरॉईड तपासलं. सगळं नॉर्मल. रिपोर्ट नॉर्मल आला की मला संताप यायचा. एक डॉक्टर म्हणाले, गॅस आहे. भावानं भानामती उतरवणारा आणला, त्याला मी लाथ घालून हाकलला.

बायको सुनंदा मात्र म्हणायची, “तुमी बसा, मी हाय की.” दूध, किराणा, दुकान, बँक, सगळं तिनं अंगावर घेतलं. दाढी करायला माणूस घरी बोलावला. मी घरातला देव झालो. देव्हाऱ्यातून उठायचं नाही, नैवेद्य जागेवर.

डॉक्टर बाईंनी हे सगळं न थांबवता ऐकलं. मग म्हणाल्या, “पारावर आला तो पॅनिक अटॅक. धोका नसताना शरीर धोक्याची घंटा वाजवतं. त्यानं माणूस मरत नाही, पण मेल्यासारखं वाटतं.” कारण मात्र एकच नसतं, असं त्या म्हणाल्या. घरात कुणाला होतं का? माझे वडील कधी आठवडी बाजाराला गेले नाहीत, लग्नातून अक्षता पडायच्या आत परतायचे. आम्ही त्यांना माणूसघाणा म्हणायचो. लहानपणी काही? त्याच वडिलांचा मार चुकवायला मी धान्याच्या खोलीत दडायचो. “कोंडून घेतलं की जीव वाचतो, हे तुमचं शरीर तेव्हाच शिकलं असेल,” बाई म्हणाल्या. त्यावर जमावाचा मार. आणि जखम ओली असताना पुन्हा त्याच जमावात उभं करणं. मी शेजारी बसलेल्या बहिणीच्या खांद्यावर डोकं ठेवून ढसाढसा रडलो. त्या माफीनं मला माराइतकंच मारलं होतं आणि ते पहिल्यांदाच कुणीतरी बोललं होतं.

“ताई,” बाई सोबत आलेल्या सुनंदाला म्हणाल्या, “तुम्ही मायेनं केलंत. पण टाळत गेलं की भीती पोसली जाते. आता यांना वाचवू नका.”

एसएसआरआय गटातली गोळी सुरू झाली. ही झोपेची गोळी नव्हे, मेंदूतल्या सेरोटोनिन या रसायनावर काम करते आणि गुण यायला काही आठवडे लागतात. सोबत एक्सपोजर थेरपी, म्हणजे भीतीच्या जागी थोडं थोडं जायचं आणि ती ओसरेपर्यंत तिथून पळायचं नाही.

लातूरला परतल्यावर सुनंदानं पहिल्याच दिवशी माझ्या चपला गल्लीत भिरकावल्या. “आणा तुमच्या तुमी!” मी तिला नको ते बोललो, भिंतीवर तांब्या फेकून मारला. ती रडली, पण चपला आणायला गेली नाही. शेवटी मीच गेलो, भिंतीला धरून, घामानं निथळत. मग गल्लीचं तोंड. मग किराणा दुकान. मग गंजगोलाई, लातूरची गोल बाजारपेठ. तिथून सोळा रस्ते सुटतात. पळायला लातुरात याहून सोयीची जागा नाही. मी तिथं ओकलो, पण पळालो नाही.

साक्षीच्या दिवशी कोर्टाच्या आवारात ही गर्दी. जज साहेब रजेवर होते, पुढची तारीख पडली. मी फोनवर चिडलो, तर डॉक्टर बाई हसल्या, “फुकटात सराव झाला.” त्या बाईंचे आणि सुनंदाचे उपकार मी या जन्मी फेडू शकत नाही.

पुढच्या तारखेला थोरला भाऊ दारातच उभा होता. “अजून बी मिटव. आठवत न्हाई म्हण. न्हाईतर त्यांचा वकील तुला येडा ठरवंल सगळ्यांसमोर.”

“ठरवू दे,” मी म्हणालो. “गोळ्या चालू हायेत माझ्या. आजाराचं नाव मीच सांगतो, अन् कुणी दिला ते बी.”

पिंजऱ्यात चढलो आणि छाती आवळली. समोर म्हातारा, त्याचं नाक वाकडं झालेलं. मागं अख्खं गाव, त्यांच्यात माझा भाऊ. भीती चढत चढत माथ्यापर्यंत आली. मी कठडा धरून ती चढू दिली.

“बरं वाटत नाहीये का? बसायचंय?” साहेबांनी विचारलं.

“न्हाई साहेब, उभाच राहतो,” मी म्हणालो आणि म्हाताऱ्याकडं बोट करून पहिल्या थपडेपासून सांगायला लागलो.