माफीमामा आणि चांदीचा प्याला

दौंडच्या आमच्या चर्चमध्ये एक माणूस असा होता, की तुम्ही त्याच्या पायावर पाय दिलात तर तोच तुमची माफी मागायचा. सगळे त्याला माफीमामा म्हणत. मला त्याचा मनापासून तिटकारा. रेल्वेत गँगमन म्हणून जन्म काढलेला धिप्पाड गडी, आणि कणा म्हणून नाही!

प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी त्याची फेरी असायची. मनात अढी ठेवून भाकर आणि द्राक्षारस घेऊ नये, असं आमच्यात सगळेच शिकवतात. करत कोणी नाही. हा मात्र खरंच दारोदार जायचा. टोपी काढून उंबऱ्याबाहेर उभा राहायचा. "काय चुकलं असंल तर पदरात घ्या." एकदा तर त्याला शिव्या घालणाऱ्याच्याच दारात गेला. मी म्हणालो, "मामा, शिव्या त्यानं दिल्या ना? मग तुम्ही कशाला?" तर म्हणतो, "त्यानं तोंडानं दिल्या सर, म्या मनात. त्याला ऐकू न्हाई आल्या, पर वरच्याला आल्या न्हवं." घ्या! अशा माणसापुढं काय कपाळ फोडायचं?

मी निवृत्त मुख्याध्यापक, वर मंडळीचा पंच, म्हणजे चर्चच्या कारभाऱ्यांतला एक. माझ्या ताठ मानेचा मला कोण अभिमान! प्रार्थनेतही ती पुरती वाकत नसे. पाळकसाहेब नम्रतेवर बोलू लागले की मी चर्च झाडणाऱ्या या माणसाकडे बघायचो आणि मनात म्हणायचो, हे बघा नम्रतेचं फळ. हातात झाडू!

त्यात प्याल्याचं प्रकरण झालं. चर्चचा जुना चांदीचा प्याला पंचांनी आळीपाळीनं घरी न्यायचा आणि चिंचेनं घासून आणायचा, हा आमच्याकडचा मान. एका रविवारी कपाट उघडलं तर प्याला गायब. किल्ली मामाकडे. मी भर मंडळीत उभा राहिलो आणि त्याच्याकडे बोट केलं. "म्या न्हाई घेतला," एवढंच तो बोलला. मी किल्ली मागितली. त्यानं ती दोन्ही हातांनी दिली. तेव्हाही मला वाटलं, काय हा लाचारपणा! अरे, भांड की!

महिन्याभरानं आमच्या हिनं गोधड्यांची पेटी उघडली, आणि माझ्याच मफलरमध्ये गुंडाळलेला प्याला वर आला. त्या खेपेचा मान माझाच होता. मीच आणून ठेवला होता आणि साफ विसरलो होतो; आणि मला विचारायची कोणाची छाती नव्हती. ही म्हणाली, "अहो, आत्ताच्या आत्ता जाऊन सांगा." मी म्हणालो, "बघू." पंचानं कुठल्या तोंडानं सांगायचं?

त्याच आठवड्यात शनिवारी माफीमामा माझ्या दारात. "सर, तुमच्यावर लई राग धरला म्या. महिनाभर प्रार्थनेला बसवंना. शेवटी म्हटलं, देवा, माझ्यानं न्हाई सुटत, तूच सोडव. आज सुटला. माफी करा." आत पेटीत प्याला. आणि मी, होय मीच, म्हणालो, "जाऊ द्या मामा. केलं माफ."

तो गेल्यावर ही माझ्याकडे बघत राहिली. तसं मला आजवर कोणी बघितलेलं नाही. शी! माणसाची किळस येणं म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं, आणि तो माणूस मामा नव्हता.

दुसऱ्या दिवशी प्याला घेऊन मी मंडळीपुढं गेलो. वाक्यं पाठ करून नेली होती, एक आठवेल तर शपथ! "प्याला माझ्या घरात होता. मामांवर मी खोटा आळ घेतला," एवढंच कसंबसं बोललो. बाकांवर कुजबुज सुरू झाली. मी पुढच्या बाकाचा आधार शोधू लागलो. तोच मामा उठून आला आणि त्यानं माझ्या काखेत हात घातला. या माणसात एवढी ताकद असेल, असं मला कधी वाटलंच नव्हतं. "गुडघे टेका सर," तो कानाशी म्हणाला, "म्या हाय. एकदा टेकलं की पडायचं भ्या न्हाई." मी गुडघे टेकले, आणि सगळ्यांदेखत ढसाढसा रडलो.

पुढं मामा शिरूरला लेकीकडे राहायला गेले आणि तिथंच वारले. मला पुन्हा कोणी पंच म्हणून निवडलं नाही. मान गेला की माणूस संपला, असं मी वर्गावर्गांतून पोरांच्या मनावर ठसवत आलो. माझा गेला, आणि मी पहिल्यांदा धड उभा राहिलो. निम्मं दौंड माझ्या हाताखालून गेलंय. आता हे सांगायला त्या पोरांना कुठं गाठू?