दोन वळसे जायफळ

साताऱ्यात कॉफीची जेवढी म्हणून दुकानं आहेत, तेवढ्या सगळ्यांत मी जाऊन आले आहे. माझ्या वयाच्या बायका संध्याकाळी देवळात जातात, फार तर टेकडीवरच्या चार भिंती स्मारकापर्यंत चालून येतात. मी मात्र गेलं वर्षभर खांद्याला पर्स लावून कॉफीची दुकानं पालथी घालत होते. गल्लीत असा समज आहे की मला उतारवयात कॉफीचं वेड लागलं. खरं सांगायचं तर वेड कॉफीचं नव्हतंच. मला एका बाईवर सूड उगवायचा होता. तो मी यथासांग उगवला आणि त्यानंतर मला झोपही छान लागते.

ती बाई म्हणजे माझी मोठी जाऊ.

मी सांगलीकडची, माधवनगरची. वडील तिथल्या कापडगिरणीत होते. आई कानडी मुलखातली. लग्न होऊन आली तेव्हा तिच्याबरोबर पितळेचा एक कॉफीचा फिल्टर आला. वर एक भांडं, खाली एक भांडं, मधे जाळी. आमच्या चाळीत घरोघरी चहा व्हायचा, आमच्याकडे कॉफी. आईची रीत मात्र सगळ्या जगापेक्षा वेगळी होती. ती जायफळ कुटायची नाही, किसायची नाही. आम्हा भावंडांना बाळगुटी द्यायची छोटी सहाण होती, तिच्यावर दुधाचे चार थेंब टाकायची आणि त्यात जायफळ उगाळायची. गुटी वळशांवर मोजतात, तशीच तिची कॉफीही वळशांवर. दोन वळसे झाले की स्वतःशीच म्हणायची, "साकु." कानडीत साकु म्हणजे पुरे. तिसरा वळसा पडला की कॉफीचा काढा होतो, हे तिचं ठाम मत. सहाणेवरचं ते गंध ती फिल्टरमधल्या पावडरीवर निथळवायची आणि मग वरून उकळतं पाणी. शेजारच्या बायका आपापल्या कपबश्या पदराआड घेऊन यायच्या.

मला दिलं साताऱ्यात. घर ऊसवाल्यांचं, सासरे फौजेतून निवृत्त झालेले, आणि घरात राज्य जाऊबाईंचं. त्या रहिमतपूरच्या. हाताला चव, जिभेला धार. लग्नानंतर पहिल्यांदा मी सगळ्यांसाठी कॉफी केली तेव्हा त्यांनी कप नुसता हुंगला आणि भरल्या घरात विचारलं, "काय गं, कोण आजारी हाय व्हय घरात? आमच्यात कॉफी आजाऱ्याला देत्यात, न्हाईतर उपासाला." सगळे हसले. माझा नवराही हसला. त्याचं मी नंतर वेगळं बघितलं, ते इथे सांगत नाही.

एवढ्यावर मी सूड उगवला नसता. सासरी असलं चालतंच.

माझी मुलगी वर्षाची झाली तेव्हा आई पहिल्यांदा आमच्याकडे राहायला आली. येताना फिल्टर आणि ती सहाण मला द्यायला घेऊन आली. चहा तिला सोसत नसे, पित्त उसळायचं. मी तिच्यासाठी कॉफीचं पाणी ठेवायला गेले तर जाऊबाई म्हणाल्या, "शेगडी मोकळी न्हाई आता. आन् पाव्हण्यारावळ्याला आमच्यात च्याच असतोय." त्यांनी काठोकाठ चहा ओतून आईपुढे ठेवला. मी तोंड उघडणार तेवढ्यात आईनं मला डोळ्यांनी दाबलं. तिनं तो चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यायला. मग आपली कपबशी आपण उचलली आणि मोरीकडे गेली.

आता आमच्याकडची रीत सांगते. विहीण कपाला हात लावते न लावते तोवर अख्खं घर ओरडतं, "राहू द्या, राहू द्या!" शत्रूच्या घरची बाई असली तरी ओरडतात. जाऊबाई तिथेच मेथी निवडत बसल्या होत्या. त्यांनी आईकडे बघितलं, मेथीकडे बघितलं आणि पुढची काडी उचलली. आईनं कप विसळला, बशी विसळली, पालथी घातली. कडेवरच्या पोरीसकट मी दारात उभी होते. आई पुन्हा कधी माझ्याकडे राहायला आली नाही. विचारलं की म्हणायची, गुडघे दुखतात.

ती जाऊन आता बरीच वर्षं झाली. मधल्या काळात आमची घरं वेगळी झाली, तरी गल्ली एकच राहिली. मग जाऊबाईंचा मुलगा पुण्याची नोकरी सोडून आला आणि पोवई नाक्याच्या अलीकडे त्यानं कॅफे काढायचं ठरवलं. एक दिवस मायलेक माझ्या दारात. "काकी, तुमची ती फिल्टरची कॉफी एकदा दाखवा की आईला." जाऊबाई हसून म्हणाल्या, "लय वास सुटतो बघ तुझ्या कॉफीचा." इतक्या वर्षांत पहिल्यांदा! मी भाळले. सहाण काढली, वळसे दाखवले, साकुसुद्धा सांगितलं. जाताना पुतण्यानं फोटोसाठी म्हणून फिल्टर मागून नेला.

उद्घाटनाला गेले तर समोरच्या भिंतीवर छतापर्यंत जाऊबाई. नऊवारी, नथ, कपाळाला मळवट आणि हातात माझ्या आईचा फिल्टर. खाली मोठ्या अक्षरांत: 'आईच्या हातची कॉफी. आमच्या घराण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची चव.'

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या बाईनं जन्मात कपभर कॉफी प्यायली नाही तिचं घराणं! त्याही दिवशी गल्ल्यामागे खुर्ची टाकून बसल्या होत्या आणि स्टीलच्या पेल्यातून चहाच पीत होत्या. पुतण्याला बाजूला घेऊन मी म्हणाले, "ही कॉफी माझ्या आईची आहे रे." तो म्हणाला, "काकी, घरातलंच हाय की सगळं. तुमचं काय नि आमचं काय." नवरा म्हणाला, सोडून दे. मी सोडलं नाही.

त्याच दिवशी आतून मिक्सरचा घरघराट ऐकू आला. डोकावले तर पोऱ्या डबाभर जायफळ दळत होता. झालं होतं असं की जाऊबाईंच्या घरात सहाण एकच, ती देवाची. देवाला ज्यावर चंदन उगाळायचं तिच्यावर त्या दूध आणि जायफळ लावू देणार नव्हत्या. त्यांच्या मुलांच्या गुटीची सहाण बाळंतपणाला आलेल्या लेकीबरोबर केव्हाच गेली होती. नवी कशाला आणायची, जायफळ ते जायफळ, वाटलं काय नि उगाळलं काय, असा त्यांनी निवाडा केला. वाटलेलं जायफळ कपाच्या तळाशी भुशासारखं बसतं, कडवट लागतं, आणि हात जरा सैल सुटला तर माणूस भर दुपारी पेंगतो. मला हे सगळं माहीत होतं. मी गोड हसले, पेढा खाल्ला, फिल्टर मागून घेतला आणि घरी आले.

मग माझी फिरती सुरू झाली. पर्समध्ये चष्मा, रुमाल, सहाण आणि जायफळ.

पहिलं दुकान राजवाड्याजवळचं. तिथे कॉफीवर फेसाचं पान काढून देतात. पान सुरेख, खाली कोमट दूध. दुसरं कॉलेजच्या रस्त्याला. तिथे चार पोरं एका कपावर अख्खी दुपार काढतात आणि मालक त्यांना काही बोलत नाही, कारण तोही त्यांच्याच वयाचा. तिसरं किल्ल्याच्या चढावर. खिडकीतून अजिंक्यतारा दिसतो, त्या जोरावर काहीही खपवतात. मी प्रत्येक ठिकाणी आधी कप संपवायची आणि मग मालकाला म्हणायची, "बाळा, राग मानू नकोस, पण मला जरा आत येऊ दे." कुणी हसलं, कुणाला मी तपासणीवाली बाई वाटले. पण पांढऱ्या केसांच्या बाईला स्वयंपाकघरात यायला नाही म्हणण्याची साताऱ्यात कुणाची छाती नाही. मी सहाण काढायची, वळसे दाखवायची, कप पुढे करायची. पहिल्या घोटानंतर पुढचं बोलणं सोपं व्हायचं.

एस.टी. स्टँडजवळच्या उडप्यानं तर मला "साकु" म्हणताना ऐकलं आणि कानडीतच बोलायला लागला. त्याच्या फिल्टरचं पाणी मुळातच उत्तम उतरत होतं, माझे फक्त दोन वळसे त्यावर पडले. नव्या वस्तीत तासगावच्या बेदाणा-व्यापाऱ्याची मुलगी दुकान चालवते. ती तेवढी अडून बसली. तिला कॉफीत बेदाणे घालायचे होते. तिला मी अर्धा तास समजावलं, शेवटी बेदाणे बशीत आले आणि कॉफी वाचली.

मी कुणाकडून काही घेतलं नाही. अट एकच घातली. पाटीवर नाव लिहायचं: माधवनगरची कॉफी. माझं नाव नको, आईचं नको. पण तिचं गाव मला साताऱ्याच्या भिंतीभिंतीवर हवं होतं, जाऊबाईंना बाजाराला जाताना उजवीकडे दिसलं पाहिजे आणि येताना डावीकडे.

दिवाळीपर्यंत तसं झालं. लोक चवीला लागले आणि मग ते पुतण्याच्या दुकानात जाऊन विचारायला लागले, "माधवनगरची मिळते का?" तो म्हणायचा, हीच ती. ते पिऊन म्हणायचे, "ही न्हवं गड्या. ह्यात तळाला गाळ हाय." भाजीवाल्या बाईनं मला हे सांगितलं तेव्हा मी तिच्याकडून नको असलेली वांगीसुद्धा घेतली. एवढा आनंद मला मुलीच्या पहिल्या पगाराचा झाला होता की नाही, आठवत नाही.

गेल्या महिन्यात दुपारी दार वाजलं. जाऊबाई एकट्याच. गुडघ्यावर हात ठेवून पायरी चढल्या, खुर्चीत बसल्या. थोडा वेळ हवापाण्याचं बोलल्या. मग पदराशी चाळा करत म्हणाल्या, "सगळ्या गावाला शिकवलंस. घरच्या पोराचं दुकान तेवढं तुला दिसलं न्हाई?"

"दिसलं की, आक्का. भिंतीवर तुम्ही केवढ्या मोठ्या दिसता."

त्या हळूच म्हणाल्या, "एकडाव येऊन त्याला दाव. गिऱ्हाईक तुटाय लागलंय."

"येईन. आधी भिंत पुसा. माझ्या आईचं गाव लिहा, मग येईन."

त्यांनी वर बघितलं. नाही म्हणतील असं वाटलं होतं. पण पोटचं पोर म्हटलं की माणूस वाकतो, ते माझ्या आईकडे बघून मला ठाऊकच होतं. "लिवतो," म्हणाल्या.

"बसा, कॉफी करते."

"च्या टाक की वाईच. मला कॉफी न्हाई सोसत."

"आमच्यात पाहुण्याला कॉफीच असते," मी म्हणाले.

त्यांच्या डोळ्यांत बघितलं. त्यांना आठवलं होतं. मी सहाण काढली, त्यांच्यासमोर बसून दोन वळसे घेतले, साकु म्हणाले आणि कप काठोकाठ भरून पुढे ठेवला. त्यांनी तो घोट घोट करत पूर्ण प्यायला. कप खाली ठेवला, माझ्याकडे बघितलं, पुन्हा उचलला आणि गुडघा धरत उठल्या. सिंकपाशी जाऊन नळ सोडला. कप विसळायला घेतला.

ओट्यावर मेथीची जुडी होती. ती मी पुढ्यात ओढली आणि निवडायला घेतली. मी "राहू द्या" म्हटलं नाही.