ॲम्प्लिफायरची जड बाजू

मित्रहो, आज माझ्या कमरेवर घोर अन्याय झाला. समाजाने नोंद घ्यावी.

घाटनांदूरला गेलतो. हॅम रेडिओवाला, म्हणजे हौशी बिनतारी संदेशवाला, दोस्त सुधाकर मागच्या महिन्यात वारला. त्यानं घरी बनवलेला मणभर ॲम्प्लिफायर वहिनींची अडचण नको म्हणून मी आणणार होतो.

प्लग काढून हात घालणार, तोच वहिनी ओरडल्या, "भावजी, जीव द्यायचाय का? आधी अर्थिंगची काठी लावून आत साठलेला करंट उतरवा!"

काठी टेकताच आत ठिणगी कडाडली.

"तो गेल्यापासून बंद ना हा? मग करंट कावून?"

"रोज सांजच्याला चालू करते मी. पंखा घुमला की वाटतं, हे आत बसलेत."

तुम्ही नेला असता का?

"वहिनी, हा घरातच राहू द्या. कुठं ठेवू?"

"आतल्या खोलीत."

ट्रान्सफॉर्मर असलेली जड बाजू कायम सुधाकर उचलायचा; मी हलक्या बाजूनं सल्ले द्यायचो.

आज हलकी बाजू वहिनींना दिली.