ढगांचं काम

"जरा थांबा भाऊ, रन सुरू आहे." एक बोट वर करून ती म्हणायची आणि बोलणं तिथंच तुटायचं. पहिल्यांदा मला वाटलं, मॅच बघत असेल. भिलाईच्या स्मृति नगरात आमच्या शेजारी ती नुकतीच आली होती. मी कुंपणावरून विचारलंसुद्धा, "कोण खेळून राहिलं?" ती इतकी हसली, की आतून तिची आई बाहेर आली.

विज्ञानातली माणसं आपण फोटोत पाहतो, पांढऱ्या कोटात. ही गाऊनवर ओढणी घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसायची. दूर दक्षिणेत एका राष्ट्रीय प्रयोगशाळेत सुपरकॉम्प्युटर होता. वादळी ढग कसे चढतात, वीज कुठे पडेल, याचं गणित ती इथून त्याच्यावर चालवायची; त्यालाच ती रन म्हणायची. वडील गेले, आईला विसरण्याचा आजार जडला, म्हणून घरून काम करायची परवानगी घेऊन ती भिलाईला परतली होती. "हेच या लॅपटॉपवर करत बसले तर म्हातारी होईन मी," ती म्हणायची.

मग त्या प्रयोगशाळेतच कायम नोकरीची संधी आली. अट एकच, तिकडे येऊन राहायचं. ती आईला घेऊन गेली. पण नव्या क्वार्टरमधून आई सारखी बाहेर पडायची. एकदा फाटकावरच्या गार्डला म्हणाली, "मले सेक्टरच्या बाजारात जायचं आहे." त्याला मराठी कळेना, आणि तो बाजार तर इकडे भिलाईत. दुपारभर ती उन्हात बसून होती.

पावसाळ्याआधी दोघी परत आल्या. "तिले तिकडं एकही ओळखीचं तोंड दिसत नव्हतं, भाऊ," एवढंच ती बोलली. नोकरी दुसऱ्याला मिळाली. पुढे प्रकल्प संपला, मशीनवरचं तिचं खातंही बंद झालं. त्यानंतर ते बोट कधी वर झालं नाही. आता ती कितीही वेळ बोलायला मोकळी असायची, आणि तेच बघवत नसे.

एका सकाळी मी पपई घेऊन गेलो. ती आईला भरवत होती. आईनं तिलाच विचारलं, "बाई, तुम्ही काय काम करता?"

"ढगांचं काम करत होते."

"माझी पोरगीही तेच करते. लई मोठी सायंटिस्ट आहे. तिले यायले टाइमच भेटत नाही."

"हो का?" तिनं आईचं तोंड पुसलं. "मोठं काम असेल तिचं, काकू. आणखी एक घास घ्या."

पपई ओट्यावर ठेवून मी निघालो.

आई गेल्यावर तिनं पुष्कळ ठिकाणी अर्ज केले. कुठे वय आडवं आलं, कुठे मधली रिकामी वर्षं. शेवटी अंबिकापूरच्या एका कॉलेजात शिकवायचं काम मिळालं, तेही वर्षापुरतं. तिला पोचवायला मी दुर्ग स्टेशनवर गेलो.

"पोहोचल्यावर फोन करजो, ताई."

"हो भाऊ."

गाडी हलली. मी हात हलवला. खिडकीत ती होती, पण बाहेर बघत नव्हती. मांडीवरच्या आपल्या रिकाम्या हातांकडे बघत होती.