ड्युपेजच्या जंगलवाटांवर शेवटची पोळी

शुक्रवारी संध्याकाळी निखिलचा रेडमंडहून फोन आला. माझा नवरा ऑफिसच्या कामासाठी आठवडाभर तिकडे गेला होता, आणि फोनवर 'कशी आहेस' विचारण्याआधी त्यानं विचारलं, "काय ठरलं मग? रविवारी संध्याकाळी शेल्टरला कळवायचंय ना?"

काहीच ठरलं नव्हतं. भटक्या कुत्र्यांच्या शेल्टरमधून पंधरा दिवसांच्या बोलीवर आणलेला ड्यूक माझ्या पायाशी लोळत होता. तपकिरी रंग, एक कान उभा, एक पडलेला. जमलं तर ठेवा, नाही जमलं तर परत आणून द्या, असा त्यांचा सोपा हिशोब. माझी नऊ वर्षांची लेक इरा पहिल्याच दिवशी त्याला जीव लावून बसली होती. मी चौथ्या दिवशी. प्रश्न होता आईंचा.

आई म्हणजे माझ्या सासूबाई. वर्ध्याचं घर बंद करून आठ महिन्यांपूर्वी त्या नेपरव्हिलला कायमच्या आमच्याकडे आल्या. मी आणि निखिल ऑफिसला, इरा शाळेत, म्हणजे दिवसभर ड्यूकसोबत राहणार त्याच. त्यांना विचारलं की एकच उत्तर यायचं, "तुमचं घर आहे बाई, तुम्ही ठरवा." कुठल्याही सुनेला विचारा, या वाक्याचा अर्थ 'नाही' असाच होतो. या पंधरा दिवसांत त्यांनी ड्यूकला एकदाही हात लावला नव्हता. नाव घेणंही टाळायच्या. "तो काय करून राहिला पाहा बरं सोफ्यावर," एवढंच.

मी निखिलला म्हटलं, "वीकेंडला सगळ्यांना घेऊन जंगलात जाते. घरात बसून तर काही ठरत नाहीये."

शिकागोच्या पश्चिमेला राहणाऱ्यांना हे ठाऊक असेल, इतरांसाठी सांगते. आमच्या ड्युपेज काउंटीत घरं, मॉल आणि हायवे यांच्या मधोमध काउंटीनं राखलेली खूप जंगलं आहेत. प्रवेश फुकट, पार्किंग फुकट, आणि बहुतेक वाटांवर कुत्र्याला नेता येतं. अट एकच, पट्टा हातात हवा. कुठे काय चालतं ते पार्किंगमधल्या पाटीवर लिहिलेलं असतं. गाडीतून उतरल्यावर आधी ती पाटी वाचावी. कुत्र्याच्या शी-साठी पिशव्या घरूनच न्याव्यात.

शनिवारी सकाळी हेरिक लेक. आमच्या घरापासून जेमतेम वीस मिनिटं. ऑक्टोबरचा दुसरा आठवडा, गाडीचा हीटर लावावा की खिडकी उघडावी असा घोळ घालणारी हवा. तळ्याभोवती बारीक खडीची सपाट वाट आहे, गुडघे कुरकुरणाऱ्यांनीही बिनधास्त जावं अशी. मेपलची झाडं लालभडक पेटली होती आणि ओक अजून 'बघू, विचार करू' अशा बेतात हिरवट उभे होते. आईंनी पंजाबी ड्रेसवर निखिलचं जाड जॅकेट चढवलं होतं, पायात पांढरे स्पोर्ट्स शूज. ड्यूकच्या आणि त्यांच्या मध्ये इरा आणि मी असे दोन माणसांचे बुरूज.

आणि ड्यूक! घरात गरीब गाय असलेला हा प्राणी तिथे वेडा झाला. प्रत्येक खोडाची चौकशी, प्रत्येक पानात नाक. समोरून येणारा प्रत्येक माणूस थांबून त्याच्याशी बोलायचा, मग आमच्याशी. नेपरव्हिलला मला दहा वर्षं झाली, पण एका सकाळी इतक्या अनोळखी लोकांशी मी कधी बोलले नव्हते.

"इथं माणसाला कोणी विचारत नाही, कुत्र्याला सगळे विचारतात," आई म्हणाल्या. पण हसल्या. मी ते हसू मनात जपून ठेवलं.

तळ्याकाठच्या बाकावर डबा उघडला. पोळ्या, बटाट्याची सुकी भाजी, लिंबाचं लोणचं. (कुत्रा सोबत असेल तर कांदा, लसूण आणि बेदाणे त्याच्या तोंडापासून लांब ठेवा. आपल्या डब्यात नेमके तेच असतात.) जेवून झाल्यावर आईंनी डब्याच्या तळातून फडक्यात गुंडाळलेली एक छोटी पोळी काढली. तूप नाही, मीठ नाही. त्यांनी ती हातावर धरली आणि चक्क हाक मारली, "यू-यू-यू!"

ड्यूकचे दोन्ही कान उभे झाले. पडलेलासुद्धा! तो गेला, पोळी अलगद घेतली, आणि त्यांच्या बुटांवर हनुवटी टेकून बसला. आईंनी पाय काढून घेतले नाहीत. इरानं माझ्याकडे डोळे मोठे करून पाहिलं. मला तर तिथेच शेल्टरला फोन लावावासा वाटला.

"आई, म्हणजे तुम्हाला आवडला की तो," मी घाईघाईनं म्हणाले.

"आवडायचं काय त्यात? शेवटची पोळी आहे ती," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी इराला समजावलं. वर्ध्याला त्यांच्याकडे पद्धत होती. पोळ्या संपत आल्या की उरलेल्या कणकेची छोटी शेवटची पोळी कुत्र्याची. गल्लीतला लाल्या बरोबर वेळेला दाराशी हजर. इथे आल्यावरही हाताची सवय जाईना, म्हणून शेवटची पोळी रोज होतच होती. पण नेपरव्हिलच्या गल्लीत भटकं कुत्रं कुठून यायचं? दुसऱ्या दिवशी चहासोबत ती त्या स्वतःच खायच्या. आठ महिने! आणि मला वाटत होतं, त्यांना शिळी पोळी आवडते.

"सो आजी, नाऊ इट्स ड्यूक्स पोळी!" इरा म्हणाली.

"हो. ज्याचं कोणी नाही, त्याची असते ती," आई शांतपणे म्हणाल्या आणि डबा बंद केला.

इराला तो अर्थ कळला नाही, मला कळला. त्यांनी ड्यूकला घास दिला होता तो दारातला म्हणून. घरातला म्हणून नाही.

दुपारी ग्रीन व्हॅलीला गेलो. तिथे कुंपण घातलेलं मोठं मैदान आहे, आत कुत्र्यांना पट्ट्याशिवाय हुंदडता येतं. पण त्याला वर्षाचं परमिट लागतं, काउंटीबाहेरच्यांना ते बरंच महाग पडतं. आमच्याकडे नव्हतं. पंधरा दिवसांच्या पाहुण्यासाठी वर्षाचं परमिट कोण काढतं? म्हणून आम्ही बाहेरच्या गवताळ वाटेनं चाललो. गवत माझ्या डोक्याच्या वर, वाऱ्यावर सळसळणारं, खरोखर देखणं. ड्यूक मात्र कुंपणाशी येऊन थांबला आणि आतली पळापळ बघत बसला.

कुत्रा फिरवून बाहेर पडणाऱ्या एका आजीबाईंनी आईंना विचारलं, "इज ही युअर्स?"

"नो, नो. गेस्ट," आई म्हणाल्या. मग थोडं थांबून, स्वतःकडे बोट दाखवत हसून, "मी ऑल्सो."

त्या आजीबाईही हसल्या. मी हसले नाही. आठ महिन्यांत ऐकलेलं प्रत्येक 'तुमचं घर' मला त्या क्षणी पुन्हा ऐकू आलं, आणि फार वाईट वाटलं.

रविवार वॉटरफॉल ग्लेनचा. हायवे पंचावन्नवरून कॅस अ‍ॅव्हेन्यूला बाहेर पडलात की आलंच. पूर्ण फेरी फार लांब आहे, हौशी धावणाऱ्यांसाठी ती. आमच्यासारख्यांनी ब्लफ रोडवरच्या छोट्या पार्किंगला गाडी लावावी, तिथून धबधबा जवळ आहे. मात्र लवकर जा, रविवारी दहानंतर तिथे जागा मिळणं नशिबावर. आणि भंडारदऱ्याची स्वप्नं बघत जाऊ नका. धबधबा माझ्या खांद्याएवढा आहे, तोही माणसांनी दगड रचून केलेला. पण वाट मात्र खरी जंगलाची. चढ-उतार, मुळं, ओढा, वर पिवळ्या पानांचं छत आणि पायाखाली तसंच पिवळं.

आई खुशीत होत्या. ओढ्यात हात बुडवून "बर्फ आहे नुसता!" म्हणून ओरडल्या, इराच्या अंगावर पाणी उडवलं, दगडावर बसून फोटो काढून घेतले आणि लगेच वर्ध्याच्या मैत्रिणींना पाठवले. आम्ही दोघी फोटोत रमलो असताना पट्टा इराच्या हातात होता.

झाडीतून हरीण उसळलं. एकच उडी, वाट ओलांडून पलीकडे. ड्यूक त्याच्या मागे. पट्टा इराच्या हातातून निसटला आणि पानांवरून सरसरत गेला.

"ड्यूक! कम! ड्यूक!" आम्ही घसा फोडून ओरडलो. उत्तर नाही. इरा रडायला लागली, "ममा, आय लॉस्ट हिम!" मी चढावर धावले, परत आले, दुसऱ्या बाजूला धावले. जंगलाच्या पलीकडे रस्ता आहे, त्यावर गाड्या आहेत, एवढंच डोक्यात. त्याला आमची ओळख होऊन दोनच आठवडे झाले होते. त्यानं परत का यावं?

आई दगडावरून उठल्या. पिशवीतून डबा काढला, छोट्या पोळीचं फडकं सोडलं आणि जंगलाकडे तोंड करून अशी काही खणखणीत हाक दिली की वर्ध्याच्या आख्ख्या गल्लीनं दारं उघडली असती.

"यू-यू-यू! ये रे! ये रे बाळा, यू-यू-यू!"

येणारे-जाणारे थांबून बघायला लागले. आईंना पर्वा नव्हती. त्या हाक मारत राहिल्या, आवाज कापायला लागला तरीही. आणि ओढ्याच्या पलीकडून, चिखलानं पोटापर्यंत माखलेला ड्यूक पाण्यातून फटाफट उड्या मारत आला. सरळ त्यांच्याकडे. दोन्ही पंजे निखिलच्या जॅकेटवर! आईंनी पोळी सोडून दिली आणि दोन्ही हातांनी त्याचं डोकं धरलं.

तेवढ्यात गणवेशातला एक जंगल अधिकारी आलाच. त्यानं सुटलेला पट्टा पाहिला होता. आवाज चढवला नाही, पण चेहरा कडक. "हूज डॉग इज धिस?"

मी तोंड उघडायच्या आत आई पुढे झाल्या. "सर, माय डॉग. माय मिस्टेक. सॉरी."

त्यानं चिखलानं माखलेल्या त्या दोघांकडे पाहिलं. पट्टा नीट धरा, हरणंही घाबरतात, अशी समज दिली, ड्यूकचा कान खाजवला आणि गेला. परतीच्या वाटेवर पट्टा आईंनी स्वतःच घेतला. मनगटाला दोन वेढे, वासराचं दावं धरावं तसा.

गाडीत इरा म्हणाली, "आजी, यू सेड माय डॉग!"

"साहेबापुढे काय सांगू मग? पोरीचं नाव सांगू?" आई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. माझी उडी घेतलेली आशा पुन्हा खाली बसली.

घरी आल्यावर त्याला आंघोळ घातली आणि गोचीड तपासले. हे काम विसरू नका, उंच गवतातून आलात की स्वतःचेही पाय बघा. एक सापडला, कानामागे. चिमट्यानं मी काढला, पण जागा दाखवली आईंनी.

शेल्टरला सहाच्या आत कळवायचं होतं. मी फोन हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले. आई पोळ्या लाटत होत्या. विचारायचा धीर होईना. पुन्हा 'तुमचं घर' ऐकलं असतं, तर मी परतच केला असता त्याला.

चार-पाच पोळ्या झाल्यावर त्यांनी तव्यावरची टम्म फुगलेली पोळी उचलली, फुंकर मारत तिचे तुकडे केले आणि ड्यूकच्या वाडग्यात टाकले. मग पुढच्या लाटायला घेतल्या. शेवटी उरलेल्या कणकेची छोटी पोळी भाजली आणि फडक्यात गुंडाळून बाजूला ठेवली.

"आजी, ड्यूकची पोळी राहिली," इरानं ते फडकं दाखवलं.

"ती त्याची नाही आता," आई म्हणाल्या. "ती ज्याचं कोणी नाही त्याची. आपल्या घरच्या लेकराला कोणी शेवटची पोळी देतं का?"

मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तू काहून उभी आहेस फोन घेऊन? लाव की. सहा वाजतील."

मी लावला. पलीकडच्या मुलीला नाव सांगतानाच मला रडू आलं, तिला वाटलं मी परत करतेय. आईंनी 'आपल्या घरच्या' म्हटलं होतं. मी रडत होते ते त्या शब्दांमुळे, ड्यूक तर नुसतं निमित्त.

आता दर शनिवारी जंगल ठरलेलं आहे. ग्रीन व्हॅलीचं परमिट काढलंय, आणि कुंपणाच्या आत आईंच्या दोन मैत्रिणी झाल्यात, एक ग्रीक, एक पोलिश, भाषेच्या तिघींच्या तीन तऱ्हा. नकाशे, वाटा, पार्किंग हे सगळं तुम्हाला कुठेही मिळेल. आमच्याकडे त्या दोन दिवसांतलं राहिलं ते हे, की घरात पोळ्या मोजताना आता पाच जण मोजले जातात.

आणि सहावी, छोटी, अजून होते. काल आई ती फडक्यात गुंडाळताना म्हणाल्या, "का गं, त्या शेल्टरमध्ये अजून किती आहेत? आणि पोळी चालते का तिथं?"

मी उद्या विचारते म्हटलंय.