लाल पट्टा घसरला तेव्हा

दुष्काळाचं दुसरं वर्ष. शिरूरकडच्या आमच्या गावात पाच घरांनी मिळून विहीर काढायला घेतली आणि शिकलेला म्हणून तिचा कारभार माझ्या गळ्यात पडला. मी भूगोलाचा मास्तर. वेळेत पाणी लागलं तर धाकटा भाऊ आणि भावजय ऊसतोडीला जाणार नव्हते. नाहीतर कोयते बांधून ठेवलेलेच होते.

सहा परस, म्हणजे सहा पुरुष खोलीवर काळ्या खडकात तांबड्या मातीचा पट्टा लागला. आमच्याकडं तो सगळ्याच विहिरींत असतो, पण सरळ आडवा. इथं पूर्वेला छातीशी, पश्चिमेला पायाशी. वरून पाहिलं आणि माझं डोकं फिरलं. राग माझ्या नाकावरच असतो. पट्टा तर आडवाच असणार, म्हणजे विहीरच वाकडी खोदली, असं म्हणून मिस्त्रीला चारचौघांत झापलं आणि काम थांबवलं. तो एवढंच म्हणाला, "गुरुजी, वरून कशाला बोलता? खाली उतरून बगा."

मी कसला उतरतो!

चौथ्या दिवशी ऊसतोडीचा ट्रक आला आणि भाऊ भावजयीला घेऊन गेला. त्याच्या दाराचं कुलूप बघवेना, तेव्हा कुठं आठव्या दिवशी मी दगडमाती उपसायच्या यारीला लटकून खाली गेलो. मिस्त्रीनं ओळंबा सोडला. भिंत अगदी सरळ होती. मग त्यानं उत्तरेच्या भिंतीतली तिरपी चीर दाखवली. चिरेच्या अलीकडं पट्टा वर, पलीकडं तुटून दोन हात खाली.

"लई जुनं हाय. जमीनच घसरलीया, गुरुजी. पाणी असलं तर ह्याच फटीत."

मी दोन्ही तुकड्यांवर एकेक तळवा ठेवला. आपला भूखंड उत्तरेकडं सरकत होता, लाव्हा थरांवर थर चढवत होता, पश्चिमेला जमीन फाटून समुद्र आत आला, हे मी वीस वर्षं पोरांना घोकायला लावलं होतं. ते माझ्या हाताखाली होतं, गार आणि खरखरीत. हात जोडावेसे वाटले, आणि मी जोडले.

दुसऱ्या दिवशी चिरेवर सुरुंग लावला. संध्याकाळी कमरेइतकं पाणी होतं. मी काठावरूनच भावाला फोन लावला. पाणी लागल्याचं सांगितलं.

"दादा, काम बंद पडलं नसतं तर आमी घरीच असतो, न्हाई का?"

"हो," मी म्हणालो. "चूक माझी होती."