रोवणी झाल्यावर

"आधी रोवना, मंग दुनिया," असं म्हणत ती पदर कमरेला खोचायची. तो पदर खोचला गेला की समजावं, आता हिच्यापुढं कोणाचं चालायचं नाही.

तुम्ही आमच्या भंडाऱ्याकडचे असाल तर अशी बाई तुमच्याही गावात असेल. आंधळगावजवळच्या एका खेड्यात धान रोवणाऱ्या बायांची टोळी ती चालवायची. कोणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, कधी उतरायचं, ते तीच ठरवायची. शुगरची गोळी मात्र सून ओरडली तरच घ्यायची.

मी डोळे तपासायचं यंत्र घेऊन गावोगाव फिरतो. डोळ्याच्या पडद्याचा फोटो काढला की शुगरनं पडदा बिघडला का, ते यंत्र स्वतःच सांगतं. गेल्या पावसाळ्यात यंत्रासमोर बसल्यावर तिनं विचारलं, आतमध्ये माझी सासू दिसते का? बाया खिदळल्या. यंत्रानं दोन्ही डोळ्यांना लाल खूण दाखवली.

मी म्हटलं, मावशी, आत रक्त झिरपून राहिलंय, याच आठवड्यात लेसर करून घ्या, नाहीतर नजर जाईल. तिनं तलावाच्या पाळीवरचे बगळे बोटानं दाखवले.

"मले सारं दिसते, बापू. तलावाचं पानी सुटलं, टोळीनं शब्द देल्ला. रोवना होऊ दे, मंग जाऊ."

मी तिच्या घरी जाऊन सुनेला सांगितलं, दोनदा गाडीही ठरवली. ती बांधीतून बाहेर यायला तयार नाही. दुखलं असतं तर गेली असती. हा मेला आजार दुखतच नाही.

रोवणी अर्ध्यावर असताना तिच्या उजव्या डोळ्यापुढं काळं आलं. तिला वाटलं, चिखल उडाला. जन्म चिखलात गेलेल्या बाईला दुसरं काय वाटणार? बांधीतल्याच पाण्यानं तिनं डोळा धुतला आणि दुसऱ्या डोळ्यानं रोवत राहिली. कोणाला बोलली नाही. शेवटची बांधी झाली तेव्हा दुसऱ्या डोळ्यातही रक्त उतरलं होतं. मग नागपूर झालं, ऑपरेशन झालं. आता तिला उजेड-अंधार तेवढा कळतो.

लोक यंत्राचं कौतुक करतात तेव्हा माझ्या अंगाची आग होते. ते खरं बोललं होतं हो, पण खरं कळून काय झालं?

यंदा रोवणीच्या दिवसांत तिकडं गेलो, तर सून तिला हाताला धरून बांधीत उतरवत होती. घरी बसली की जेवत नाही, म्हणाली. ती चाचपडत पऱ्हे रोवू लागली, कुठं दाटी, कुठं मोकळं. सून आवाज न करता तिची रोपं उपटून पुन्हा नीट लावत होती.

"बरोबर लागून राहिले ना वो?"

"हो आत्याबाई, बरोबर हायेत."

बाकीच्या बाया खाली मान घालून रोवत राहिल्या. तिनं हात पुढं करून मघाची जागा चाचपली. एक रोप, मग दुसरं, मग तिसरं. सगळी सारख्या अंतरावर.

"हे माह्या हातचे नाहीत, पोरी," ती म्हणाली. "ने मले घरी."